स्ट्राँगची कॉन्कॉर्डन्स घ्यावी का? एका भाकरीपुरता अनुभव

पार्सल हातात देताना कुरियरवाला म्हणाला, "मावशी, यात पाटा आहे का वरवंटा?" स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं. जेम्स स्ट्राँग यांची 'एक्झॉस्टिव्ह कॉन्कॉर्डन्स', म्हणजे बायबलमधल्या शब्दांची सूची. मूळ पुस्तक १८९० चं. माझ्याकडे आली ती कुठली तरी नंतरची छपाई, जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून, टपालखर्च धरून साडेआठशे रुपयांना. कणा उसवलेला, पुठ्ठ्याचा एक कोपरा उंदराने चाखलेला, आणि पहिल्या पानावर कुणी तरी कुणाला तरी दिलेल्या शुभेच्छा. तेवढं मी चालवून घेतलं.

घ्यायचं कारण आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या मताचा काही उपयोग नाही. एकतीस वर्षं शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. माहेर नगरचं, घर तीन पिढ्या ख्रिस्ती. आता रविवारी चर्चमध्ये संडे स्कूलचा पाचवी-सहावीचा वर्ग घेते. मागच्या पावसाळ्यात प्रभूची प्रार्थना पाठ करून घेत होते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे," इथपर्यंत आलो आणि खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, रोजची म्हटलं की त्यात आज आलंच ना? मग परत 'आज' कशाला?"

निबंधात असं वाक्य आलं असतं तर मीच लाल शाईने खाली रेघ मारून 'पुनरुक्ती' लिहिलं असतं. पण हे वाक्य मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे, त्यामुळे कानाला कधी टोचलंच नाही. "जोर देण्यासाठी असतं ते," असं मी ठोकून दिलं. ती "बरं" म्हणाली. मुलांचं ते 'बरं' मला चांगलं ओळखू येतं. पटलं नाही, पण टीचरची लाज राखतो, असा त्याचा अर्थ असतो.

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, मूळ ग्रीक शब्द जरा अवघड आहे, तुम्ही स्ट्राँग बघा. म्हणून हे पुस्तक.

आता पुस्तकात आहे काय? ज्यांनी हे कधी हाताळलं नाही त्यांचा हमखास गैरसमज होतो की हा ग्रीक-हिब्रूचा शब्दकोश आहे. तसा तो आहे, पण फक्त शेवटी, शेपटासारखा. मुख्य अंग म्हणजे सूची. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमधला प्रत्येक शब्द अकारविल्हे लावलेला आणि तो कुठल्या कुठल्या वचनात येतो ते एकेका ओळीत दिलेलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक क्रमांक. सरळ छापलेला असेल तर हिब्रू शब्दाचा, तिरपा असेल तर ग्रीकचा. तो क्रमांक घेऊन मागे जायचं, तिथे मूळ शब्द सापडतो. हिब्रू-अरामीचे ८६७४ क्रमांक, ग्रीकचे ५६२४. स्ट्राँगसाहेब न्यू जर्सीतल्या ड्रू सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, प्राध्यापक होते, मेथडिस्ट पंथाचे होते. त्यांची खरी करामत हे क्रमांकच. ग्रीक अक्षर ओळखता न येणारा माणूससुद्धा ग्रीक शब्दाच्या दारापर्यंत पोचतो. सवाशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी अभ्यासाची पुस्तकं आणि फोनवरची अ‍ॅप्स हेच क्रमांक वापरतात.

मराठी वाचकाला मात्र द्राविडी प्राणायाम घडतो. आपल्या डोक्यात असते 'रोजची भाकर'. ती मत्तय ६:११ आहे हे ठाऊक हवं, मग ते वचन किंग जेम्समध्ये काढायचं, तिथे 'डेली ब्रेड' सापडलं की मग या ठोकळ्यात 'डेली'. म्हणजे मराठीतून इंग्रजीत, तेही चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, आणि तिथून ग्रीकमध्ये. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून सरळ मराठीत बायबल आणलं, ते १९२४ मध्ये छापून निघालं. ते आठवलं की हा वळसा घेताना थोडी चिडचिड होते.

अक्षर बारीक म्हणजे किती? तांदळाचा दाणा मोठा वाटेल. माझ्या चाळिशीवर भागलं नाही, भिंग घ्यावं लागलं. शिवाय ज्या शब्दाची सूची चालू आहे तो ओळीत पूर्ण लिहीत नाहीत, नुसतं पहिलं अक्षर देतात. 'डेली'च्या रकान्यात सगळीकडे एकटा 'डी'. सवय व्हायला दोन संध्याकाळी गेल्या.

पण त्या 'डेली'च्या रकान्याने माझे पैसे वसूल केले.

तिथे एकाखाली एक ओळी आहेत आणि शेवटचे आकडे बोलतात. लूक ९:२३, 'दररोज आपला वधस्तंभ उचलून घ्यावा', तिथे 'दिवस' या साध्या शब्दाचा क्रमांक आहे. ग्रीकमध्ये 'काथ हेमेरान', म्हणजे सरळ 'दिवसागणिक'. प्रेषितांची कृत्ये ६:१, विधवांना रोज होणारी वाटणी, क्रमांक २५२२, 'काथेमेरिनोस', 'दैनिक'. याकोब २:१५, ज्या भावाबहिणीला रोजच्या अन्नाची वानवा आहे, क्रमांक २१८४, 'एफेमेरोस', 'त्या त्या दिवसाचं'. आणि मत्तय ६:११ व लूक ११:३ या दोनच ठिकाणी, दोन्ही प्रभूच्या प्रार्थनेत, क्रमांक १९६७. बाकी कुठे नाही.

म्हणजे ग्रीकला 'रोजचा' म्हणायला शब्दांचा तोटा नव्हता. साधे, चालते, बाजारात मिळणारे शब्द होते आणि याच नव्या करारात ते वापरलेही आहेत. तरी नेमक्या या भाकरीला ते लावले नाहीत. लूकच्या वचनात तर 'काथ हेमेरान' आहेच, आणि वर हा १९६७ पण आहे. १९६७ चा अर्थ नुसता 'रोजची' असेल तर लूक म्हणतो, 'रोजची भाकर रोज दे'. खिडकीपाशी बसणारी मुलगी बरोबर होती. ही गोष्ट मला कुठल्या टीकाग्रंथाने नाही सांगितली, एका रकान्यातल्या चार आकड्यांनी सांगितली. सूची म्हणून या पुस्तकाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

मग मागे गेले, १९६७ ला. शब्द: एपिऊसिओस. आणि इथे स्ट्राँगचा दुसरा गुण दिसला, जो त्यांचे नाव घेणाऱ्यांत क्वचित दिसतो. ते 'कदाचित' म्हणतात. कदाचित हा शब्द १९६६ च्याच घरातला, म्हणजे 'उद्याची'. पण अधिक संभव असा, की १९०९ आणि १५१० वरून आला असावा, म्हणजे 'निर्वाहापुरती, गरजेची'. पुढे एक आडवी रेघ आणि रेघेनंतर किंग जेम्समधला शब्द: 'डेली'. संपलं. बोटभर नोंद.

पुस्तकाचा फायदा असा, की १९६६ शोधायला जावं लागत नाही, तो वरच बसलेला आहे. एपिऊसा, 'येणारा (दिवस)'. कृत्ये १६:११ मध्ये पौल त्रोवसाहून जहाजाने निघतो आणि 'दुसऱ्या दिवशी' नियापुलीला पोचतो, तो दुसरा दिवस म्हणजे हा एपिऊसा. अ‍ॅपमध्ये एका शब्दाला टिचकी मारली की तो एकटाच उघडतो, शेजार दिसत नाही.

इथून पुढे माझ्यातली संस्कृतची बाई जागी झाली. १९०९ म्हणजे ग्रीक 'एपी' हा उपसर्ग, तो आणि आपला 'अपि' सख्खे चुलतभाऊ. १५१० म्हणजे 'असणे', तो 'अस्' धातू, अस्ति-स्तः-सन्ति मधला. त्याच्यापासून 'ऊसिया', अस्तित्व, सत्त्व. आणि १९६६ च्या मागे आहे 'जाणे, येणे', तो आपला 'इ' धातू, एति-इतः-यन्ति मधला. म्हणजे सगळं भांडण एवढंच की या शब्दाच्या पोटात 'अस्' आहे की 'इ'. 'अस्' असेल तर 'असण्यासाठी लागणारी' भाकर. 'इ' असेल तर 'येत्या दिवसाची' भाकर. दोन धातू, दोन वेगळी जेवणं!

मग संधीचा मुद्दा. 'एपी'चा शेवटचा 'इ' पुढे स्वर आला की ग्रीकमध्ये सहसा गळतो. त्या हिशेबाने 'एपी' अधिक 'ऊसिया' याचा शब्द 'एपूसिओस' व्हायला हवा होता. इथे 'इ' शाबूत आहे. 'उद्याची'वाल्यांचा हा मोठा आधार, कारण 'एपिऊसा'मधला 'इ' हा उपसर्गाचा उरलेला नाहीच, धातूचा आहे, तो गळणार कसा? उलट पक्ष म्हणतो, 'इ' न गळल्याची उदाहरणं आहेत. फिलिप्पैकरांस पत्र ४:५ मधला 'एपिएइकेस' घ्या. त्यावर पहिला पक्ष म्हणतो, तिथे पुढे एके काळी 'व'सारखं व्यंजन होतं, ते उच्चारातून गेलं आणि मागे खूण ठेवून गेलं. मला वर्गातलं 'प्रगृह्य' आठवलं: संधी व्हायला हवा, होत नाही, आणि का होत नाही हेच शिकवायचं असतं. तीत २:१४ मध्ये 'पेरिऊसिओस' असा जुळा दिसणारा शब्द आहे, क्रमांक ४०४१, 'खास स्वतःचे लोक' या अर्थाचा. तो 'ऊसिया'वाल्यांच्या बाजूने साक्ष देतो, पण 'पेरी'चा 'इ' ग्रीकमध्ये तसाही गळत नाही, म्हणून साक्षीदार जरा फितूर.

यातलं काहीच स्ट्राँगमध्ये नाही. हे मी एका सेमिनरीच्या वाचनालयात दोन दुपारी बसून बाउअरच्या नव्या कराराच्या ग्रीक कोशातून आणि टीकाग्रंथांतून गोळा केलं. म्हणून पुस्तकाची पहिली उणीव ही: ते निकाल सांगतं, युक्तिवाद सांगत नाही. 'अधिक संभव' का, हे विचारायची सोय नाही. बाउअर निदान पर्याय मांडून ठेवतो: निर्वाहाची, चालू दिवसाची, उद्याची, येणाऱ्या काळाची, आणि कोण कुठल्या बाजूचा तेही देतो. त्याची किंमत मात्र माझ्या पेन्शनला न परवडणारी.

आणि खरी गंमत तर कोशाच्या बाहेर आहे. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने प्रार्थनेवर लिहिलं. तो अलेक्झांड्रियाचा, ग्रीक त्याची रोजच्या बोलण्याची भाषा. तो म्हणतो, हा शब्द ग्रीक पंडितांच्या लिखाणात नाही, साध्या माणसांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. ज्याची मायबोली, त्यानेच हात टेकले! चौथ्या शतकात जेरोमने लॅटिन करताना मत्तयात एक शब्द घातला आणि लूकात दुसरा. मत्तयात 'सुपरसबस्टान्शियालेम', म्हणजे जवळजवळ 'सत्त्वातीत'. लूकात साधा 'कोतिदियानुम', रोजचा. एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, एकच भाषांतरकार. मला हा माणूस आवडला. वर त्यानेच नोंदवून ठेवलं आहे की इब्री लोकांच्या शुभवर्तमानात या जागी 'माहार', म्हणजे 'उद्याची', असा शब्द त्याला मिळाला. पेशित्ता या सिरियाक भाषांतराने पुन्हा तिसरीच वाट धरली, 'आमच्या गरजेची भाकर'.

एक तेलाची गोष्टही सांगायलाच हवी. इजिप्तमध्ये हवारा इथे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदाचे, तुकडे मिळाले. त्यातल्या एका घरखर्चाच्या यादीचं वाचन ए. एच. सेस यांनी केलं, ते १८८९ मध्ये छापलं. त्यात त्यांनी एक अर्धवट शब्द वाचला, 'एपिऊसि...'. पुढे विसाव्या शतकात ते लोकांच्या ध्यानात आलं आणि आनंदीआनंद झाला: सापडला, बायबलबाहेर सापडला, तोही किराणा यादीत, म्हणजे 'रोजचा शिधा' असाच अर्थ! कोशांत नोंदी झाल्या. मूळ तुकडा मात्र हरवलेला. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात सापडला, नीट वाचला, तर तिथे होतं 'एलाइऊ'. तेल! यादीत तेल लिहिलं होतं. तेव्हापासून एपिऊसिओस पुन्हा एकटा.

स्ट्राँगच्या नोंदीत या यादीचा मागमूस नाही. ज्या पुस्तकाला मी सारखी जुनाट म्हणत होते ते या तेलावर घसरलं नाही, घसरले ते नंतरचे.

आता तक्रारीकडे येते. पहिली तक्रार माझ्यावरच उलटली. एका संध्याकाळी क्रमांक चाळताना लक्षात आलं की २७१६ नंतर एकदम २७१८. बरं, एखादा सुटला असेल. पुढे ३२०२ नंतर थेट ३३०३. शंभर शब्द गायब! कणा उसवलेला होताच, म्हटलं पानं गळालेली प्रत माझ्या गळ्यात मारली. विक्रेत्याला फोन लावला आणि शिक्षिकेच्या आवाजात पंधरा मिनिटं सुनावलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, पानांचे आकडे बघा ना, ते सलग आहेत का?" बघितले, सलग होते. मग कोशाच्या शेवटी बारीक टाइपात एक टीप सापडली. काम चालू असताना क्रमांकांत फेरबदल झाले, २७१७ आणि ३२०३ ते ३३०२ या आकड्यांना शब्दच उरले नाहीत, म्हणून ते गाळले, याने वापरणाऱ्याची काही गैरसोय होणार नाही, अशा अर्थाची. गैरसोय होणार नाही म्हणे! विक्रेत्याला परत फोन करून माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, यावरून भांडणाऱ्या तुम्ही तिसऱ्या.

दुसरी तक्रार गंभीर आहे, आणि ती पुस्तकापेक्षा वापरणाऱ्यांवर जास्त आहे. मघाशी सांगितलेली ती आडवी रेघ. रेघेच्या आधी स्ट्राँग स्वतःचा अर्थ देतात. रेघेनंतर किंग जेम्सने तो शब्द कसकसा भाषांतरित केला त्याची यादी. ती अर्थांची यादी नाही, भाषांतरांची आहे. मागे एका शिबिरात एका वक्त्याने एका शब्दाचे 'मूळ ग्रीकमधले सात अर्थ' सांगितले आणि सातही एकाच वचनात एकदम बसवले. टाळ्या पडल्या. माझ्या हातात तेव्हा हे पुस्तक नव्हतं. आता काढून पाहिलं, तर सातही रेघेनंतरचे. उद्या कुणी 'लागणे' या मराठी शब्दाची इंग्रजी भाषांतरं गोळा करून 'मला भूक लागली' या वाक्यात आग, दिवा, नंबर आणि ठेच सगळं कोंबलं, तर त्याला आपण वर्गाबाहेर उभं करू.

तिसरी, व्युत्पत्त्या. 'भाकर' या शब्दाची नोंद पाहा: आर्तोस, क्रमांक ७४०. स्ट्राँग म्हणतात, हा 'उचलणे' या अर्थाच्या १४२ वरून आला, 'फुगून वर आलेली' म्हणून. ऐकायला छान, प्रवचनाला तर फारच छान. पण आजचे व्युत्पत्तिकार हे नातं मानत नाहीत, आणि मानलं तरी भाकर खाणाऱ्याच्या मनात ते असतं कुठे? आपल्याकडे पाव पायाने तुडवून करतात म्हणून पाव, असं लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. तो शब्द पोर्तुगीजांनी आणला, पायाचा काही संबंध नाही. पण ती गोष्ट ऐकल्यावर माझी आजी आयुष्यभर पाव खाताना नाक मुरडायची. चुकीची व्युत्पत्ती अशी ताटापर्यंत येते.

फोनवर हेच सगळं फुकट मिळतं, मग हा धोंडा कशाला, असं मुलगा विचारतो. रास्त प्रश्न आहे. १८९० चं पुस्तक, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे डझनभर अ‍ॅप्समध्ये आहे. शोधायला अ‍ॅप शंभर पटींनी जलद, अक्षर मोठं करता येतं, उच्चार ऐकता येतो. पण माझ्या फोनवरच्या एका अ‍ॅपने १९६७ पुढे काय दाखवावं? 'डेली, नेसेसरी'. बस. तो 'कदाचित' उडाला, 'उद्याची' उडाली, 'अधिक संभव' उडालं. स्ट्राँगने प्रामाणिकपणे जिथे चाचपडून दाखवलं होतं तिथे अ‍ॅपने ठाम उत्तर देऊन टाकलं. प्रत्येक अ‍ॅप असंच करतं असं नाही, पण तपासून घ्या: १९६७ काढा आणि 'कदाचित' दिसतं का बघा. दिसलं तर ते अ‍ॅप ठेवा.

तर घ्यावं का? तुम्हाला वचनं शोधायची असतील, एकच मराठी किंवा इंग्रजी शब्द मुळात किती वेगवेगळ्या शब्दांवर पांघरूण घालतो ते पाहायचं असेल, तर घ्या, जुनं घ्या, स्वस्तात घ्या. रविवारी व्यासपीठावरून 'मूळ ग्रीकमध्ये' असं म्हणायला मिळावं म्हणून घेत असाल तर नका घेऊ. इंग्रजी बेताची असेल तरी नका. डोळे अधू असतील तर भिंगाचे दोनशे रुपये धरून चला. पाचपैकी किती? सूचीला पाच, कोशाला तीन, बांधणीला शून्य.

आणि त्या मुलीचं काय झालं ते राहिलं. पुढच्या रविवारी वर्गात म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, टीचरचं उत्तर चूक होतं. मग फळ्यावर दोन रकाने केले, 'गरजेपुरती' आणि 'उद्याची', आणि विचारलं, कुणाला कुठली भाकर पटते? बहुतेकांनी 'गरजेपुरती'ला हात वर केले. एका मुलाने बरोब्बर बोट ठेवलं: याच अध्यायात खाली 'उद्याची चिंता करू नका' आहे, मग उद्याची कशी मागायची? मोठमोठे विद्वान इथेच अडखळले आहेत, हे त्याला सांगितलं नाही, लगेच फुगला असता. रानातला मान्ना, इस्राएलांना आकाशातून मिळालेलं अन्न, आठवा एवढंच म्हटलं. तो रोजच्या रोज गोळा करायचा, पण सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे उद्याचा आजच.

तेव्हा मला माझी आजी आठवली, तीच पावाला नाक मुरडणारी. श्रीरामपूरकडे दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची, रोजंदारीवर. मजुरी मिळायची संध्याकाळी, दिवस बुडताना. त्या पैशांची बाजरी घ्यायची, रात्री जात्यावर दळायची, पहाटे थापायची. आज हातात पडलेल्या पैशांतून आजचं पोट कधी भरतच नव्हतं. आजची भाकर कालच्या पैशांची असायची. आज मिळाली ती उद्याची. मत्तयातच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांना संध्याकाळी एकेक दिनार मिळतो, त्या माणसांच्या तोंडी 'उद्याची भाकर आज दे' हे शब्द ठेवून पाहा. त्यात साठेबाजी दिसत नाही. स्ट्राँगसाहेबांचा कौल दुसरीकडे आहे हे मला ठाऊक आहे, आणि माझी आजी म्हणजे काही व्याकरण नाही. पण माझं मत मी 'उद्याची'ला टाकलं.

खिडकीपाशीची ती म्हणाली, "मग टीचर, आपण प्रार्थनेत काय म्हणायचं?" म्हटलं, जे म्हणतो तेच. आमच्या शेजारणी म्हापशाच्या, त्या कोंकणीत 'दिसपट्टो गिरास' म्हणतात, रोजचा घास. जेरोमने दोन शब्द वापरले. आपण 'रोजची भाकर' म्हणतो. तिने वहीत तिन्ही लिहून घेतले आणि पुढे कंसात माझा १९६७ सुद्धा. यावेळी 'बरं' म्हणाली नाही.

पुस्तक सध्या बायंडरकडे आहे. कणा शिवून नवा पुठ्ठा लावायचे तो दीडशे रुपये मागतो. म्हणाला, बाई, पानं मोजून द्या, नंतर कमी भरली म्हणून भांडण नको. मोजून दिली. क्रमांक २७१७ आधीपासूनच नाही, हेही सांगून ठेवलं.